आलेच

नोव्हेंबर. कायानी. तीन वाजले
आणि खिडकीत काळोख, बर्फाची वाट बघत उभा.
व्यायामाची खोली रिकामी करून
तूलिक्कीनं आम्हा अकराजणींना बसवलं
(अकरावा पेत्तेरी; त्याची हरकत नव्हती).

ती वसंतात निवृत्त होणार.
चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या पाठी उचलून
तिची स्वतःची एका अंगाला कललेली.
फळ्यावर काही लिहिलं नाही तिनं.
दह्याच्या वाट्या आणल्या, चमचे,
आणि डोळ्यांना बांधायला पट्ट्या.
"भरवा. आधी उभं राहून."

मला मारिविकनं भरवलं. इलोइलोची पोर,
तिच्या हाताला घाई नाही, हे मला ठाऊक.
तरी वरून आलेला चमचा दातांवर आदळला
अन् मी मान मागे घेतली,
लेंपी घेते तशी,
जिच्या फायलीत माझ्याच अक्षरात आहे:
जेवताना असहकार.

मग बसून. मग ओठांपाशी थांबून, सांगून:
दही आहे. ब्लूबेरीचं. जरा गार.
तोंड आपोआप उघडलं.
पेत्तेरीनं आणखी एक वाटी मागितली.

नंतर दाट केलेलं पाणी.
ठसका लागू नये म्हणून आम्ही रोज ढवळतो ते,
घोटभरही कधी घेतलं नव्हतं कुणी.
प्यायलो म्हणायचं; खरं तर चावलं.
तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय
ते पाणी तोंडात असताना कळलं.

शेवटी तो पोशाख. घोट्यांना वजनं, गुडघ्यांना पट्टे,
पिवळट चष्मा, जाड हातमोजे, कानांत बोळे.
"अंगवळणी पडायला वीसेक वर्षं लागतात,"
तूलिक्की म्हणाली, "तुला चार मिनिटं देते."
मला पलंगावर निजवलं. हातात घंटीचं बटण.
"लागली की दाब."

खरंच लागली होती. दुपारची कॉफी.
दाबलं.
बोळ्यांपलीकडून मारिविकचा आवाज, गोड, लांबचा:
"आलेच!"

छतावर अठरा चौकटी. एकीवर बेडकाएवढा डाग.
बाकीच्यांना सांगून ठेवलं होतं, पंधरा मिनिटं.
मला नव्हतं.
पहिली पाच मी रागावले. मग राग
ओटीपोटात उतरला आणि मी लहान होत गेले,
पायावर पाय दाबून
तो एकच शब्द चघळत राहिले.
आले. च.
न येताच येऊन गेलेला शब्द.
दिवसातून किती वेळा देते मी तो,
सुट्ट्या नाण्यासारखा, न बघता?
बारा नंबरच्या ताइस्तोला तर रोज.
तो रागावत नाही. मला वाटायचं
समजूतदार आहे म्हातारा.

फॉर्मवर विचारलं होतं: आज काय शिकलात? तीन ओळींत.
मी तारीख घातली, सही केली.

संध्याकाळची पाळी माझीच. दोघी आम्ही, माणसं बावीस.
सात वाजता बारा नंबरचा दिवा लागला.
मी दारात गेले, डोळ्यांच्या उंचीला वाकले,
म्हणाले, "ताइस्तो, लेंपी जमिनीवर बसलीय.
सहा मिनिटं लागतील मला."
त्यानं घड्याळाकडे पाहिलं. मान हलवली.
कधी नव्हे तो, हिशेबात घेतल्यासारखी.

अकरा लागली.

चादर ओली होती. तो खिडकीकडे तोंड करून.
तरुणपणी नदीत ओंडके हाकलेला माणूस,
आकडी लावून, कमरभर पाण्यात, वितळत्या बर्फातून.
मी काय बोलणार होते, आठवत नाही.
तोच म्हणाला,
"असू दे. नदीवर कोरडा कोण राहतो?"

मी गरम पाण्याखाली हात धरले,
नेहमीपेक्षा जास्त वेळ,
बोटं त्याला गार लागणार नाहीत इतका.
मग त्याला सांगितलं, आता उजवी बाजू.
तो वळला.